बासा आधी बोंबलासारखा दाबा

एअर फ्रायरचं भांडं बाहेर ओढलं की तळाशी अर्धी वाटी पांढरट पाणी, वर जाळीला खरवडीसारखा चिकटलेला रवा, आणि त्या रव्यातून निसटलेला, उकडल्यासारखा गिळगिळीत मासा. हे दृश्य मी लागोपाठ तीन रविवार पाहिलं. चौथ्या रविवारी जमलं आणि आता न चुकता जमतं. पण त्या तीन रविवारांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

यंत्र घरात कसं आलं ते थोडक्यात. रक्ततपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि बायकोने त्याच रात्री ऑर्डर टाकली. मासा बासाच का, तर पावसाळा. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. त्या दिवसांत आमच्या डोंबिवलीच्या बाजारात पापलेट, सुरमई दिसली तरी बर्फातली, आणि भाव ऐकून पुढे सरकावं अशी. बासा तळ्यात वाढवलेला, त्यामुळे बारमाही. मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा. त्याचाच भाऊबंद पंगस आता आपल्याकडे आंध्रातल्या तळ्यांतही पिकवतात. वर पाकिटात तो काटे काढूनच येतो, त्यामुळे आमच्या मुलीचा जेवायला बसल्यावरचा अर्धा तासही वाचतो.

आई मात्र त्याला मासा मानायलाच तयार नाही. ती वेंगुर्ल्याची, लग्न करून लालबागला आली, आता आमच्याकडे असते. पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "हेका वास नाय, काटो नाय, मगे ह्यो मासो कसो?"

पहिल्या रविवारी मी सगळं सुरमईसारखं केलं. हळद, मालवणी मसाला, मीठ, आलं-लसणाचं वाटण, दोन चमचे कोकमाचं आगळ, अर्धा तास मुरवत ठेवलं, मग रव्यात घोळवलं. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत मासे या शब्दासमोर १८० अंश, १० मिनिटं एवढंच छापलेलं. कुठला मासा, किती जाड, कातडीसकट की बिनकातडीचा, काही नाही. १० मिनिटांनी उघडलं तर रवा जसाच्या तसा पांढरा, पोळी लाटताना पोळपाटावर पीठ सांडावं तसा. आणखी ५ मिनिटं दिली. आणखी ५. तोवर खाली तळं साचलं होतं.

दुसऱ्या रविवारी २०० अंशांवर यंत्र आधी तापवून घेतलं. वरचा रवा दाताला लागेल इतका कडक झाला आणि खालचा चिकट लगदा. तिसऱ्या रविवारी एका व्हिडिओत बघून अंडं आणि ब्रेडचा चुरा लावला. त्या बाईंचा मासा कापताना कुर्रकन आवाज आला होता. माझ्याकडे ब्रेडचं आवरण रजई सरकावी तसं एका बाजूला घसरलं आणि मासा उघडा पडला. त्या बाईंनी मासा कुठून आणला, ताजा होता की गोठवलेला, हे अख्ख्या व्हिडिओत एकदाही सांगितलं नव्हतं. तिथेच तर सगळी ग्यानबाची मेख आहे.

तिसऱ्या पराभवानंतर मी ओट्याशी उभा राहून बडबडत होतो. आई स्टुलावर बसून लाल माठ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बोंबील कसो करतंस?"

मी म्हटलं, साफ करून, मधून चिरून, पाट्याखाली दाबून...

"मगे ह्येका दाबलंस?"

बोंबील ज्यांनी घरी केलाय त्यांना सांगायला नको. त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की न दाबता तव्यावर टाकला तर तो तळला जात नाही, उकडतो. म्हणून डोकं-शेपूट काढून, पोटाकडून उघडून, फडक्यात गुंडाळून वर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. लालबागला आमचा पाटा याच कामाला जास्त लागायचा, वाटणाला मिक्सर आलेलाच होता. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो आणि बासाच्या वेळी एकदाही डोक्यात आलं नाही, कारण तो पाकिटात येतो. पाकिटातली वस्तू तयार असते असं आपण धरून चालतो.

मग मी त्या पाण्याच्या मागेच लागलो. पाकिटावर ५०० ग्रॅम. बर्फ सोडवून, पाणी निथळून, पुसून वजन केलं तर काटा ४०० च्या थोडासा वर थांबला. गोठवताना फिलेवर, म्हणजे काटे काढलेल्या तुकडीवर, पाण्याचा पातळ थर चढवतात, मासा सुकू नये म्हणून. तो काचेसारखा थर म्हणजे पहिलं पाणी. दुसरं पाणी माशाच्या आत. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत आयएनएस ४५१ लिहिलेलं सापडलं. आईचा पोथीचा भिंग घेऊन वाचलं. हा ट्रायफॉस्फेट या वरून घातलेल्या पदार्थाचा क्रमांक. याने माशाच्या मांसात पाणी धरून राहतं. दुकानात फिले टपोरा दिसतो आणि तापला की ते पाणी सोडतो. सगळ्याच पाकिटांत असतं असं नाही. आता मी मागची बाजू वाचून, ज्यात फक्त मासा लिहिलंय तेच घेतो, आणि फरक पहिल्याच खेपेला कळला.

तिसरं पाणी मात्र माझं स्वतःचं. मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवलं, म्हणजे मिठाने माशातलं पाणी बाहेर ओढलं, आणि मी त्या पाण्यातच रवा कालवला. ताज्या, घट्ट सुरमईला हे चालून जातं, कारण तिच्या अंगात एवढं पाणी नसतं आणि शिवाय खाली तव्यात तेल असतं. एअर फ्रायर म्हणजे शेवटी वर तापलेली कॉइल आणि तिच्यामागे पंखा, छोटी जोरकस भट्टीच. कढईतलं तेल ओलावा तडतड उडवून देतं, वाऱ्याला ते तितक्या झपाट्याने जमत नाही. आणि वरचं पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, तुम्ही बटण २०० वर फिरवा नाहीतर काही करा. १०० अंशांवर रवा शिजतो, तांबूस होत नाही. माझा मासा तीन रविवार चक्क वाफवला जात होता, पातोळ्यासारखा.

तर आता मी काय करतो. आदल्या रात्री फिले पाकिटातून काढून चाळणीत, चाळणीखाली पातेलं, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पाण्याच्या वाडग्यात बुडवून सोडवायचा नाही, पहिल्या रविवारी मी तेच केलं होतं. मायक्रोवेव्हमध्ये सोडवला तर कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो. सकाळी दोन्ही बाजूंना नुसतं मीठ चोळून १० मिनिटं. मिठाने जे पाणी काढायचं ते इथेच काढून घ्यायचं. मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यात एक एक फिले सुटा गुंडाळायचा, वर पोळपाट आणि पोळपाटावर फक्त एक वाटी पाणी भरलेलं छोटं भांडं, २० मिनिटं. बोंबलाचं वजन इथे चालत नाही. मी पहिल्यांदा हौसेने कुकर ठेवला आणि बासाच्या चिंध्या झाल्या. फडकं उघडलं की ओलं थबथबलेलं असतं, ते पिळून बघाच एकदा, मला जे समाधान मिळालं ते सांगता येणार नाही.

मसाला कोरडा. हळद, मालवणी मसाला, थोडं घट्ट आलं-लसूण वाटण, पाणी न घालता वाटलेलं. आगळ नाही, आंबटपणाला जेवताना वर लिंबू. मीठ पुन्हा घालू नका, मी एकदा सवयीने घातलं आणि मुलीने ताटात तसंच ठेवलं. लसूण ठेचून जाडसर लावू नका, २०० अंशांवर ती काळी होऊन कडवटते.

रव्याचं सांगायचं राहिलं, आणि ते दाबण्याइतकंच महत्त्वाचं. तव्यावर रवा तेल पितो म्हणून लाल होतो. इथे तेल नाही, म्हणून तो पांढराच राहतो. वरून तेल शिंपडलं की ठिपके ठिपके लाल होतात, बाकी कोरडं. यावर मला चकलीचं पीठ आठवलं. रव्याला मोहन दिलं. चार चमचे बारीक रवा, दोन चमचे तांदळाचं पीठ, त्यात दोन छोटे चमचे तेल, आणि मुठीत दाबला तर क्षणभर गोळा धरेल इतपत चोळून घ्यायचं. ही आयडिया माझी स्वतःची. आईने दाबायला सांगितलं, मोहन मी शोधलं, हे मी घरात वेळोवेळी सगळ्यांना आठवण करून देतो.

यंत्र २०० वर ५ मिनिटं रिकामं तापवायचं, मग जाळीला ब्रशने तेल, मग मासा. फवारा येणाऱ्या डब्यातलं तेल जाळीवर मारू नये, त्याने न चिकटणारा थर खराब होतो. बोटाच्या पेराएवढ्या, साधारण दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला ११-१२ मिनिटं पुरतात. शेपटीकडची पातळ बाजू खाली दुमडायची, नाहीतर ती वाळून कातडं होते. एकावर एक रचायचं नाही, आमच्या यंत्रात तीनच मावतात, म्हणजे चार माणसांना दोन घाणे. उलटायचंच असेल तर ८ मिनिटांनंतर, त्याआधी हात लावला तर तुटतो. मी उलटतच नाही. काट्याने टोचल्यावर पाकळ्या सुटल्या आणि आत काचेसारखं काही दिसलं नाही की झाला. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश. भांडं बाहेर काढून दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग कलथा.

भोकांचा कागद मिळतो, तोही वापरून पाहिला. यंत्र तापवताना तो आत रिकामा ठेवू नका. पंख्याच्या वाऱ्याने उडून माझा वर कॉइलला जाऊन चिकटला, जळका वास दोन दिवस स्वयंपाकघरात होता.

चौथ्या रविवारी भांडं ओढलं तर तळाशी चार थेंब तेल आणि थोडा भुगा. मुलीने सुरीने कापताना आवाज आला, अगदी कुर्रकन नाही, पण आला. आईने एक तुकडी घेतली, मग न बोलता दुसरी. चांगली झाली म्हणाली नाही. सोलकढी ओतताना एवढंच बोलली की आगळ नाय, म्हणून मसालो एकटो पडता.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर कोळणीकडे पहिले ताजे बोंबील आले तेव्हा मी डझनभर घेतले, घरी आणून साफ केले, वजनाखाली दाबले आणि मोहनाचा रवा लावून यंत्राकडे निघालो. आईने ताटली माझ्या हातातून काढून घेतली आणि गॅसवर बिडाचा तवा ठेवला.