बर्फावरची निळाई : हिवाळ्यातली स्पिती

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात हिवाळ्यात जायचं तर आधी रस्त्याचं बोलायला हवं. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून अनेकांना वाटतं, आता मनालीहून बाराही महिने स्पितीत जाता येतं. तसं नाही. बोगदा रोहतांग खिंड टाळून आपल्याला शेजारच्या लाहौल खोऱ्यात सोडतो. तिथून स्पितीत उतरायला साडेचार हजार मीटरांवरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते आणि ती हिवाळाभर बंद असते. त्यामुळे वाट उरते ती किन्नौर जिल्ह्यातून जाणारी. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, मग खाबपाशी सतलज आणि स्पितीचा संगम, नाको, ताबो आणि शेवटी स्पितीचं मुख्य गाव काझा. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. लांब आहे, पण उंची हळूहळू चढत जाते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मला तर ही वाट फोटोंसाठीही आवडते. किन्नौरातली देवदारांची गर्द रानं मागे पडतात, झाडं विरळ होत जातात आणि नाकोनंतर डोंगर पार उघडे होतात. प्रकाशाला अडवणारं मग काहीच उरत नाही.

स्पितीत मोसमी पाऊस जवळजवळ पोहोचतच नाही, दक्षिणेकडच्या उंच रांगा तो अडवून धरतात. इथलं बरंचसं पाणी हिवाळ्यातल्या बर्फाचं. हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर, म्हणजे पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो. एक विक्षोभ येतो, दोन-तीन दिवस सगळं झाकोळून टाकतो आणि निघून जातो. त्यानंतरची सकाळ, ज्या सकाळी आकाश कोरडं असतं आणि थंडी हाडांत शिरते, ती सकाळ मिळावी म्हणून मी इतक्या लांब गेलो होतो.

ताबोला थांबलो. इथला मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा. आतल्या भित्तिचित्रांचे फोटो घेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. हजार वर्षं जुने रंग आहेत ते. बाहेरच्या आवारात मात्र बर्फात फोटो कसा काढावा याची सगळी शिकवणी होते. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे त्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र, समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो. मीटर त्यालाही करडा करून ठेवतं, म्हणून बर्फाचे कितीतरी फोटो मळक्या चादरीसारखे दिसतात. उपाय दोन. एक, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, दीड-दोन स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला टेकणार नाही एवढं पाहायचं. दुसरा उपाय ताबोत समोरच उभा असतो. मठाची उन्हातली मातीची भिंत मध्यम छटेच्या बऱ्यापैकी जवळची आहे. तिच्यावर मीटर करायचं, ते एक्स्पोजर कायम ठेवायचं आणि कॅमेरा बर्फाकडे वळवायचा. बर्फ पांढरा येतो आणि त्याचा पोतही राहतो. स्पितीतली जुनी घरं मातीचीच, त्यामुळे हे माप गावोगाव हाताशी असतं.

पण एक्स्पोजर बरोबर आलं म्हणजे फोटो आला असं नाही. बर्फाला स्वतःचा आकार दाखवता येत नाही, तो सावली दाखवते. वाऱ्याने उठवलेल्या लाटा, कोल्ह्याच्या पावलांची माळ, याकांनी तुडवलेली वाट, यातलं काहीही डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. ऊन तिरपं हवं. इथे हिवाळा आपल्या बाजूने असतो. काझा ३२ अंश अक्षांशावर आहे. जानेवारीच्या अखेरीस ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपासच चढतो. त्याच दिवशी पुण्यात तो ५४ अंशांपर्यंत जातो. त्यात दोन्ही बाजूंना पाच-सहा हजार मीटरांचे डोंगर. सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी दरी सावलीतच असते. समोरच्या उतारावर उन्हाची कड वरून खाली सरकत येते आणि ती कड जिथे पोहोचते तिथे काही मिनिटं बर्फाचा कण न् कण वेगळा दिसतो. त्या कडेवर नजर ठेवून उभं राहणं हेच तिथलं खरं काम.

आणि सावली निळी असते. अगदी निळी. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा प्रकाश पडतो, सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा. चार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, धूळ आणि बाष्प नावापुरतं. तिथलं आकाश आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी गडद असतं आणि तो सगळा रंग सावलीत उतरतो. सह्याद्रीतल्या धुरकट, दुधाळ उजेडात इतकी वर्षं फोटो काढल्यावर हा रंग पाहिला तेव्हा आधी माझा कॅमेऱ्यावरच विश्वास बसला नाही. मग डोळ्यांनी पाहिलं. तो खराच होता. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, इथे बॅगेतच राहू द्यावा. त्याने आकाश काळं पडतं.

काझाजवळच्या ‘की’ नावाच्या मठाचा तो प्रसिद्ध फोटो, टेकडीवर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या कोठड्या आणि मागे स्पितीचं रुंद पात्र, किब्बरला जाणाऱ्या रस्त्यावरून मिळतो. तिथून कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेकडे होतं, म्हणजे हिवाळ्यात ऊन समोरूनच येतं. बरेच जण त्यामुळे नाराज होतात. मला तेच हवं होतं. समोरच्या उन्हात उतारावरच्या सावल्या आपल्याकडे धावत येतात, पांढऱ्या भिंतींना उजळ कडा लागते आणि खाली गोठलेल्या पात्रातले वाहत्या पाण्याचे धागे काळे होऊन उठून दिसतात. लेन्सवर हाताचा आडोसा धरला की झालं.

किब्बर सुमारे ४,२०० मीटरांवर. हिवाळ्यात इथे हिमबिबट्यासाठी मोठ्या लेन्स घेऊन लोक येतात, कड्यांवर दुर्बिणी लावून दिवस दिवस बसतात. मी एका घरी उतरलो होतो. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी उजाडताच घरातला मुलगा लाकडी फावडं घेऊन छपरावर गेला. मी मागोमाग. छपरं सपाट, मातीची. बर्फ वितळला तर पाणी झिरपून घरात येतं, म्हणून थांबायला सवड नसते. शेजारच्या प्रत्येक छपरावर कोणी ना कोणी होतं. छपराच्या कडेने काटक्यांच्या मोळ्या रचलेल्या, त्यांच्यावरही वीतभर बर्फ. कोरडा बर्फ फावड्यावरून सुटला की ढेकूळ होऊन पडत नाही, भुकटी होऊन उडतो. तेवढ्यात ऊन आमच्या छपरावर पोहोचलं. मुलगा सूर्याच्या आणि माझ्या मध्ये होता. प्रत्येक फावड्यासरशी त्याच्याभोवती चकाकणारा पडदा उभा राहायचा, हवेत क्षणभर टिकायचा आणि निळ्या गल्लीत विरून जायचा. मागची भिंत सावलीत होती म्हणूनच तो पडदा दिसला; मागे उजळ उतार असता तर पांढऱ्यावर पांढरं झालं असतं. शटर हजारांश सेकंदावर ठेवलं की कण टिपले जातात, साठाव्यावर आणलं की रेघा होतात. मला कण आवडले.

खाली आमांनी, म्हणजे त्या मुलाच्या आईने, तंदूर पेटवला होता. स्पितीत खोलीतल्या पत्र्याच्या शेगडीला तंदूर म्हणतात. त्यात लाकूड आणि शेण्या जळतात आणि हिवाळाभर सगळं घर त्याच एका खोलीत राहतं. चहा देताना आमा म्हणाल्या, "अच्छा गिरा है. मटर को पानी मिलेगा." काळा वाटाणा आणि जव ही इथली पिकं. वर साठलेला बर्फ वितळला की त्याचं पाणी छोट्या पाटांतून शेतात खेळवतात. ज्याचे मी फोटो काढत होतो ते त्यांचं पुढच्या हंगामाचं पाणी होतं. हे कळल्यावर मी बर्फाच्या फोटोंत छपरं, पाट, शेताचे बांध मुद्दाम घ्यायला लागलो. नुसत्या पांढऱ्या शिखरांपेक्षा ते मला आज जास्त मोलाचे वाटतात.

लांग्झाला मात्र संध्याकाळी जावं. गावामागे चाऊ चाऊ कांग निल्दा हे ६,३०३ मीटरांचं शिखर. गाव सावलीत बुडतं, घरं आणि शेतं एकसारखी निळी होतात आणि वरचं शिखर एकटंच नारिंगी, मग गुलाबी होत जातं. दोन्ही रंग एका चौकटीत येतात ते फार थोडा वेळ. ट्रायपॉड आधीच लावून ठेवलेला बरा, कारण ऊन गेलं की बोटं काम करेनाशी होतात.

ढगाळ दिवशी सावली नाही, म्हणजे बर्फाला आकारही नाही. अशा दिवशी मी याक, पताका, मातीच्या भिंती यांच्याकडे वळलो.

थंडीचं थोडक्यात. रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. खोलीत येण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचा, नाहीतर उबदार हवेतलं बाष्प थेट लेन्सवर बसतं. काळा चष्मा हवाच. बर्फावरून उलटून येणारी अतिनील किरणं डोळे खरोखर भाजून काढतात.

घरी येऊन फाइल्स उघडल्या की सॉफ्टवेअरचं पहिलं सुचवणं असतं ती निळाई काढून टाकण्याचं. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा आपोआप तोल साधणारं बटण, दाबलं की सावल्या राखाडी होतात आणि बर्फ कागदाइतका पांढरा. कृपा करून ते करू नका. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या मापावर, ५,२००-५,५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि सावलीला तिचा रंग राहू द्या. उन्हातला बर्फ पांढरा, सावलीतला निळा, तिथे तो असाच असतो.

आणि मुक्काम वरच्या गावांत करा, किब्बर किंवा लांग्झाला. काझाहून सकाळी जेवढ्यात गाडी सुरू होऊन वर पोहोचते तेवढ्यात उन्हाची कड गावावरून पुढे गेलेली असते. आधी ताबो आणि काझाला थांबून उंचीची सवय करून घ्या, चालक तिथलाच घ्या, चाकांना साखळ्या आहेत ना ते विचारा. परतीला हाताशी मोकळे दिवस ठेवा. नाकोजवळच्या मालिंग नाल्यावरचा रस्ता बंद झाला तर तो कधी उघडेल ते बर्फावर आणि रस्ता साफ करणाऱ्या लोकांवर अवलंबून असतं.