एक्स्पर्टचं बिल्ड आणि मावसभावाची एक लाइफ

परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस हाणून घरी पोचतोय तोच मावसभावाचा फोन, दादा गेममध्ये बग आहे, नुसता उभा राहिलो तरी मरतोय. गेम म्हणजे पाथ ऑफ एक्झाइल, २०१३ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि त्याचं स्किल ट्री, म्हणजे पॉइंट खर्चून ताकदी घ्यायचं ठिपक्यांचं झाड, पहिल्यांदा उघडलं की घामच फुटतो, तेराशेच्या वर ठिपके आणि अगदी लेव्हल १०० गाठली तरी हातात पॉइंट येणार साधारण सव्वाशे. मग नवीन पोरगं कुणाचं तरी बिल्ड, म्हणजे कुठले ठिपके आणि कुठल्या वस्तू घ्यायच्या याचा तयार आराखडा, उचलणारच ना.

म्हटलं स्क्रीन शेअर कर. बघतो तर लेव्हल ४३, एनर्जी शील्ड (लाइफच्या आधी मार खाणारं कवच) ३४०, लाइफ १. एक! पठ्ठ्यानं केऑस इनॉक्युलेशन नावाचा मोठा ठिपका घेऊन टाकलेला. तो घेतला की केऑस नावाच्या प्रकारचा डॅमेज अजिबात लागत नाही पण मॅक्स लाइफ एकच राहते, म्हणजे सगळा जीव एनर्जी शील्डवर. ज्याचं बिल्ड उचललं त्याची शील्ड सात हजार, अंगावरची एकेक वस्तू त्यासाठी जमवलेली, आणि आमच्या साहेबांच्या अंगावर रस्त्यात जे सापडलं ते. (त्याचीच आई, म्हणजे माझी मावशी, नेहमी म्हणते की वरून जीरावन मसाला भुरभुरला म्हणून पोहे इंदुरी होत नाहीत, खालनं वाफ लागते.) कहर म्हणजे बेल्टला पाचही बाटल्या लाइफच्या. या कशाला रे? तर म्हणे मरायला लागलो की पितो. अरे भिया, एका लाइफमध्ये किती भरणार?

तरी कॉपी करू नका असं मी म्हणणार नाही हां. मी पहिल्यांदा स्वतःची अक्कल चालवली होती, मरॉडर हे पात्र घेतलं, थोडी लाइफ, थोडी तलवार, मध्येच धनुष्य, जो ठिपका जवळ दिसला तो घेतला, कसाबसा अॅक्ट ५ संपवला आणि तिथे शेवटच्या किटावा राक्षसाला मारल्यावर आग-थंडी वगैरे झेलायचे सगळे रेझिस्टन्स ३० टक्क्यांनी खाली येतात हे मला कुठे माहीत, पुढच्या अॅक्टमध्ये जो आग फेकेल त्याच्या हातून मी खलास. वैतागून सहा महिने गेमच उघडला नाही. कॉपी केलं असतं तर निदान गेम पुढे कसा आहे ते तरी दिसलं असतं.

फक्त शेवटचं झाड बघून ठिपके मारत सुटू नका एवढंच, बऱ्याच गाइडमध्ये लेव्हलिंगचं झाड वेगळं दिलेलं असतं ते घ्या, आणि मोठ्या ठिपक्यावर माउस नेऊन दोन ओळी वाचा राव, थोड्याच असतात.

त्याच्याकडे ऑर्ब ऑफ रिग्रेट दोन पडले होते, वापरला की खर्च केलेला पॉइंट परत. नाव पण काय ठेवलंय, पश्चात्तापाचा गोळा. इनॉक्युलेशन काढलं, लाइफ टणकन सहाशेच्या वर. दीड वाजता मेसेज आला, दादा बाटल्या चालायला लागल्या.