घे

मे महिन्यातील दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या इंदूरच्या घरात कोणीही मोठ्याने बोलत नाही. कूलरची घरघर चालू असते, पडदे ओढलेले असतात, आणि ज्याला झोप येत नाही त्याने निदान दुसऱ्याची मोडू नये, एवढाच नियम असतो. परवा अशाच एका दुपारी स्वयंपाकघरातील ओट्यावरून पातेल्याचे झाकण खाली पडले. आधी एक ‘ठण्ण’, मग कडेवर उभे राहून ते थोडे घरंगळले, आडवे झाले, आणि पडलेले झाकण जे करते ते त्याने केले : गोल गोल हेलकावत, आधी सावकाश, मग भराभर, शेवटी ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत इतक्या वेगाने, आणि एकाएकी गप्प. विलंबितापासून अतिद्रुतापर्यंतचा सगळा प्रवास एखाद्या वादकाने चार-पाच सेकंदांत उरकावा, तसे ते ऐकू आले.

माझी आजी असती तर तिने पलंगावरून न उठता सांगितले असते की ते स्टीलचे आहे, मधल्या पातेल्याचे आहे आणि त्याला पोचा पडलेला आहे. पितळेची परात, कल्हई लावलेले पातेले, जर्मनचा डबा, काशाची वाटी, यांपैकी काय पडले हे तिला माजघरातून कळत असे आणि ते कोणी पाडले हेही बहुधा कळत असे. पितळ जरा वेळ गुणगुणते, स्टील ओरडून मोकळे होते आणि जर्मन नुसतेच ‘भद्’ करते, अशी तिची वर्गवारी होती. तिला कोणी ध्वनिशास्त्र शिकवलेले नव्हते. भांडी मात्र तिने साठ वर्षे घासून घेतली होती.

झाकण पडले तेव्हा मी कानांना हेडफोन लावून सिंथेसायझरपुढे बसलो होतो. हा माझ्या उतारवयातील छंद आहे आणि घरात त्याला ‘ते खोके’ असे म्हणतात. खोके अ‍ॅनालॉग आहे, म्हणजे त्यात कोणाचाही तबला, ढोलक किंवा झांज ध्वनिमुद्रित करून ठेवलेली नाही. दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेच्या लहरींतून सूर काढणारे भाग, थोडासा नॉइज, म्हणजे नळ पूर्ण सोडल्यावर येतो तसला खरखराट, आवाजातला नको तो भाग गाळणारा एक फिल्टर आणि एक एनव्हलप, एवढाच त्याचा संसार. आवाज किती झटकन उठावा आणि किती वेळाने विझावा हे एनव्हलप ठरवते. आघाताच्या वाद्यांचे जवळजवळ सगळे मर्म याच दोन नॉबांत आहे, कारण अशा वाद्याला सूर धरून ठेवता येत नाही. ते वाजते त्या क्षणापासून विझू लागते. गवयाला जे लागत नाही ते इथे लागते, आणि ते म्हणजे मरण नीट आखणे. हे वाक्य फार गंभीर झाले. प्रत्यक्षात मी ‘डिके’, म्हणजे विझणे, असे लिहिलेला नॉब आठवर न्यावा की नऊवर, यावर अर्धा अर्धा तास घालवतो.

त्या दुपारी मात्र मी हातातले काम सोडून झाकणाच्या मागे लागलो. धातूचा आवाज करणे अवघड असते, कारण त्यातील स्वर एकमेकांशी कसलेही नाते सांगत नाहीत. १९८० साली आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या तालयंत्रात झांजेसाठी जी युक्ती केली आहे, ती मला फार आवडते : एकमेकांशी न जुळणाऱ्या सहा चौकोनी लहरी एकत्र करायच्या, फिल्टरने त्यांचा खालचा सगळा भाग कापून टाकायचा आणि जो कचकचाट उरेल त्याला झांज म्हणायचे. सहा बेसूर माणसांना एका खोलीत कोंडून दाराच्या फटीतून ऐकण्यासारखे हे आहे. याच यंत्रासाठी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम वेचून घेतले जात असत, असे रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितले. चांगल्या ट्रान्झिस्टरमधून तसा चरचराट येत नव्हता. पुढे कारखाने सुधारले, सदोष माल मिळेनासा झाला, आणि ८०८ तयार होणे १९८३ मध्ये थांबले. मालात खोट मिळेना म्हणून एखादे वाद्य बंद पडावे, हे आमच्या सियागंज बाजारातील कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही.

माझ्याजवळ सहा लहरी नाहीत, दोनच आहेत. त्या मी एकमेकींशी भांडतील अशा बेताने लावल्या, फिल्टर वर नेला, आणि ठोक्यांचा वेग ठरवणारा नॉब एका हाताने सावकाश सुरुवात करून झरझर फिरवत दुसऱ्या हाताने आवाज कमी करत आणला. ऐकायला बरे वाटले म्हणून हेडफोनची वायर काढून स्पीकरवर लावून पाहिले. आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, “अहो, आता काय पाडलेत?” मला आजवर मिळालेली ही एकमेव दाद आहे आणि ती मी जपून ठेवली आहे.

खरे म्हणजे मी त्या खोक्यापुढे बसतो तो डग्ग्यासाठी, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यासाठी. डग्ग्यावरचा ‘घे’ हा बोल मला करायचा आहे आणि दोन वर्षे तो होत नाही. सिंथेसायझरवर पाश्चात्त्य पद्धतीचा मोठा ड्रम करायचा तर कृती ठरलेली आहे : एक साधी साइन लहर, म्हणजे एकाच शुद्ध स्वराची लहर, घ्यायची, तिचा सूर उंचावरून सुरू करून निमिषार्धात धाडकन खाली आणायचा. सगळे ड्रम असे वरून खाली येतात. घे मात्र खालून वर जातो. बोटांनी आघात केल्यावर मनगटाचा खालचा भाग पुडीवर सरकतो, चामडे ताणले जाते, आणि आवाज विझत असताना सूर चढत जातो. एकीकडे क्षीण होत जायचे आणि त्याच वेळी वर चढायचे, अशी ही विलक्षण चाल आहे. त्यासाठी एनव्हलप उलटे करून सुराला जोडावे लागते. तसे मी केले. जो आवाज आला तो डग्ग्याचा नव्हता, तर पाण्याने भरलेली सुरई कलती केल्यावर येतो तसला काहीतरी ‘ग्लुब्’ होता. तो मी वेगवेगळ्या प्रकारे पन्नासएक वेळा वाजवला असेन. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि त्यांनी विचारले, “नर्मदा आली का हो तुमच्याकडे? आमच्याकडे नळाला थेंब नाही.” इंदूरकराच्या कानाला नळातून आधी येणाऱ्या हवेचा आवाज किती प्रिय आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी स्पीकर बंद केला आणि त्यांची क्षमा मागितली.

हा घे मी पहिल्यांदा ऐकला तो रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी. दर गुरुवारी संध्याकाळी भजन असे. आजोबा तबल्याला बसत आणि मंडळी जमेपर्यंत हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत सूर जुळवत. मी चार-पाच वर्षांचा असेन. एके दिवशी त्यांनी मला समोर बसवले, आपला डावा हात डग्ग्यावर टेकवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “घे.” मी हात पुढे केला. त्यांनी वाजवले आणि पुन्हा म्हणाले, “घे.” मी दुसराही हात पुढे केला, कारण त्या वेळी देव्हाऱ्यापुढे पेढ्यांचा पुडा होता आणि गुरुवारी ‘घे’ म्हटल्यावर तळहातावर काय पडते हे मला पक्के माहीत होते. आजोबांना आधी काही कळेना. मग ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि आजीने आतून येऊन माझ्या दोन्ही हातांवर एक एक पेढा ठेवला. माझे तबल्याचे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले आणि जवळजवळ त्याच दिवशी संपले.

मला त्यातील एक गोष्ट मात्र आठवते, आणि ती म्हणजे डग्ग्याला कान लावल्यावर येणारा वास. चामड्याचा, त्यावरच्या काळ्या गोल थराचा, म्हणजे शाईचा, आणि आजोबा तळहाताला लावत त्या पावडरीचा. ती काळी शाई म्हणजे काय मोठी करामत आहे हे मला फार उशिरा, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संशोधनाविषयी वाचताना समजले. साध्या गोल चामड्यावर आघात केला की मूळ स्वराच्या जोडीला निघणारा पुढचा स्वर सुमारे १.५९ पट असतो, म्हणजे कुठल्याच हिशोबात न बसणारा. म्हणून बहुतेक ढोलांना स्वर असा नसतो, नुसता आवाज असतो. मधोमध शाईचे वजन थरांनी चढवले की हे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांकी नात्यात येऊन बसतात आणि चामडे तारेसारखे सुरात बोलू लागते. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडले. शाई घोटणाऱ्यांनी ते त्याच्या कितीतरी आधी हाताने सोडवून ठेवले होते, आणि त्यांची नावे कुठेही छापलेली नाहीत. पखवाजवाले डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, त्यामागेही वजनाचेच गणित आहे. पखवाजवादक नाना पानसे यांच्या या गावात पखवाजासाठी किती घरांतली कणीक खर्ची पडली असेल, आणि त्यावर किती आज्या कुरकुरल्या असतील, याचा हिशोब मात्र कोणी ठेवलेला नाही.

माझी खरी अडचण ‘धा’पाशी येते. उजव्या तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे पुडीच्या कडेवरचा, ‘ना’ हा बोल मला थोडाफार जमला आहे : फिल्टरचा रेझोनन्स, म्हणजे एखादा स्वर घुमवण्याची त्याची ओढ, तो स्वतःच शीळ घालू लागेल त्याच्या काठापर्यंत न्यायचा आणि त्याला एक बारीकसा धक्का द्यायचा, की टणत्कार निघतो. ना वाजवताना अनामिका शाईच्या काठावर हलकेच टेकलेली असते आणि ती मूळ स्वराला दाबून वरचे स्वर मोकळे सोडते. तेवढे काम फिल्टर करतो. पण धा म्हणजे ना आणि घे एकाच वेळी, आणि दोघांची आयुष्ये वेगळी. ना लख्ख वाजून जातो, घे मागे रेंगाळतो. माझ्या खोक्यात एनव्हलप एकच. ना नीट केला की घे गुदमरतो, घे मोकळा सोडला की ना ओघळतो. दोन हातांचे काम एका हाताने करायला सांगितल्यावर जे व्हायचे तेच होते. त्यातच इंदूरचा मे. ऑसिलेटर तापला की त्याचा सूर हलतो, आणि सकाळी लावलेला घे दुपारी पाव स्वर सरकलेला असतो. पावसाळ्यात पुडी उतरली की आजोबा जसे वैतागत, तसाच मी वैतागतो. फरक एवढाच की त्यांच्या हातात हातोडी असे.

त्या दिवशी चहाच्या वेळी बायकोने सहज विचारले, “माळ्यावर आजोबांचा डग्गा आहे ना? मग हे सगळे कशासाठी?” डग्गा आहे. त्याची पुडी फाटलेली आहे आणि गजऱ्याजवळ, म्हणजे कडेच्या चामडी वेणीजवळ, उंदराने कुरतडलेली आहे. ती बदलून देणारे कारागीर गावात आहेत, खर्चही या खोक्याच्या मानाने काहीच नाही, आणि तो नीट झाला तरी मला वाजवता येणार नाही हा भाग वेगळा. मी तिला सांगितले की आता उन्हाळ्यात चामडे चढवून घेण्यात अर्थ नाही, पाऊस होऊन जाऊ दे. दिवाळीत मी तिला थंडी संपू दे असे सांगितले होते, हे तिच्या लक्षात होते. तिने काही न बोलता बशीत दोन बिस्किटे ठेवली आणि बशी माझ्यापुढे सरकवली.