म्हैसमाळच्या अंगणात दोनदा केलेलं पटिंग ग्रीन

आप्पा गोल्फ फौजेत शिकले. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांचा पटर, म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलायची काठी, आजही तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला असतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मैदानभर चालणं थांबलं. पण पटिंगला, म्हणजे पटरनं चेंडू होलमध्ये घालायला, चालायचं नसतं, पाय रोवून उभं राहायचं आणि हात स्थिर ठेवायचा. खुलताबादच्या वर म्हैसमाळला, सुमारे ९०० मीटर उंचीवर आमचं छोटंसं घर आहे. वर्षातले सात-आठ महिने आप्पा तिथंच असतात. म्हणून तिथल्या अंगणात १२ बाय २० फुटांचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, करायचं ठरवलं.

खरं गवत लावायचं नाही, हे आधीच पक्कं होतं. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापलेलं ठेवावं लागतं, त्याला रोज पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा मी लातुरातच नोकरीला होतो. घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस खेळाच्या गवताला रोज पाणी घालू शकत नाही. माझ्या हातून तरी ते झालं नसतं.

शहरातल्या एका कंत्राटदाराला काम दिलं. त्यानं दोन दिवसांत जमीन सपाट केली, वरून कृत्रिम गवत अंथरलं, कडेनं खिळे ठोकले आणि पैसे घेऊन गेला. दिसायला देखणं होतं. गणपतीपर्यंत मात्र मधोमध खळगा पडला. पावसाचं पाणी साचायचं आणि कुठूनही मारलेला चेंडू डावीकडे जाऊन त्या खळग्यात थांबायचा. आप्पा काही बोलले नाहीत, पटर पुन्हा फडक्यात गेला. त्याचंच मला जास्त लागलं.

दिवाळीनंतर गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गवताचा एक कोपरा उचलला, मूठभर माती घेऊन दाबली आणि म्हणाले, "साहेब, काळ्या मातीवर काय करायलाव? ही पाणी पिऊन फुगती अन् उन्हात भेगाळती. घराच्या भिंतीला सोडत नाही, तुमच्या गालिच्याला काय सोडणार?" ती माती तिथली नव्हतीच. आधीच्या मालकानं बागेसाठी खालच्या शेतातून ट्रॉली भरून आणली होती. खाली दीड फुटावर मुरूम आणि त्याखाली कातळ होता.

सगळी काळी माती उपसायला पाच दिवस लागले. मग मुरमाचे थर टाकले. एकदम नाही, चार-चार इंचांचा थर, त्यावर पाणी आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन ठोकून दाबायचं यंत्र. त्यावर खडी आणि सर्वांत वर क्रशरची चुरी. उताराच्या कडेला भोकं पाडलेला पाइप खडीत पुरला. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. वीस फुटांत साडेतीन इंच उतार ठेवला, म्हणजे पाणी निघून जातं आणि चेंडूही धावत सुटत नाही. होलभोवतीचा भाग मात्र जवळजवळ सपाट. चुरीवर फळी ओढून, दाबून, पुन्हा फळी ओढून असे दोन दिवस गेले. हाताला जाणवणारा खड्डा चेंडूलाही जाणवतो. मजुरांना हे पटेना, तेव्हा मी चुरीवरच चेंडू सोडून दाखवला.

होलची गोष्ट वेगळीच. हार्डवेअरमधून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणून सिमेंटमध्ये बसवायला घेतला. आप्पा काठी टेकत आले, वाकून आत बोटं फिरवली आणि म्हणाले, "हे लहान आहे." मी टेप लावला. ११० हे बाहेरचं माप, आतून पाइप १०४ च्या आसपास भरला. गोल्फचं होल १०८ मिलिमीटरचं असतं. चार मिलिमीटरनं काय बिघडतं, असं मला वाटलं होतं, पण काठाला घासून आत पडणारा चेंडू अशानं बाहेरच राहतो. पाइप काढला आणि मापाचा कप मागवला. कपाच्या तळाला भोक आणि त्याखाली खडी ठेवली, नाहीतर पहिल्याच पावसात त्याची विहीर झाली असती.

गवताचा रोल ४ मीटर रुंदीचा घेतला, म्हणजे मध्ये जोड आला नाही. तो दिवसभर उन्हात पसरून ठेवला, सुरकुत्या गेल्यावर पाठीमागून ब्लेडनं कापला. मग वाळू: धुतलेली, पूर्ण कोरडी सिलिका, ४० किलोच्या १५ गोण्या. थोडी टाकायची, ताठ ब्रशनं गवताच्या रेशांमध्ये झाडायची, पुन्हा थोडी टाकायची. वाळू दमट असेल तर गोळे होतात आणि म्हैसमाळला सकाळी धुकं उतरतं, म्हणून हे काम दुपारीच केलं.

ग्रीनवर चेंडू किती पळतो, तो वेग मोजायला स्टिम्पमीटर लागतो. आम्ही अॅल्युमिनियमच्या पट्टीची खाच करून घरीच बनवला. साधारण २० अंशांच्या उतारावरून चेंडू सोडायचा आणि सपाटीवर तो किती फूट जातो ते पाहायचं, एकदा इकडून, एकदा उलट दिशेनं. वाळू घालण्याआधी चेंडू सहा फूट जात होता. वाळू भरून रूळ फिरवल्यावर नऊच्या वर गेला. रेशे झुकतात त्या दिशेनं थोडा जास्तच पळतो. आप्पांनी तेही लगेच ओळखलं.

उन्हाळ्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, इतकं ते तापतं. वानरांनी होलमधला झेंडा दोनदा पळवला, आता खेळ संपला की तो घरात येतो. पावसाळ्यात मात्र ग्रीन कोरडं राहिलं, रात्रभर कोसळूनही सकाळी कुठे पाणी साचलेलं नव्हतं.

आप्पा सहाला उठतात. मी अजून अंथरुणातच असतो, तेवढ्यात कपात चेंडू पडल्याचा टक् असा आवाज येतो. मग थोडा वेळ शांतता. वाकून चेंडू काढायला त्यांना तेवढा वेळ लागतो. आणि पुन्हा टक्.