आबांसाठी लाल मातीचा केक

आज आबांना ६५ वं वर्ष लागलं. तरुणपण सगळं तालमीत गेलेला माणूस, त्यांना गुलाबाच्या फुलांचा केक कसा द्यायचा? म्हणून यंदा केकवर आखाडाच केला.

केक गव्हाच्या पिठाचा आणि आपल्या कोल्हापुरी गुळाचा. खरं काम होतं मातीचं. मारी बिस्किटं जाडसर भरडली, त्यात कोको आणि बिटाची पावडर थोडी थोडी घालत गेले. तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवतात, तो गडद तांबूस रंग लहानपणापासून डोळ्यांत आहे. तो जमेपर्यंत तीनदा मिसळलं. हा चुरा मात्र अगदी शेवटी पसरायचा, आधी घातला की क्रीमचा ओलावा धरून लगदा होतो.

क्रीमचा पहिला थर ओघळला, कारण केक आतून कोमट होता. दुसऱ्यांदा केक पूर्ण गार केला, भांडंही फ्रीजरमध्ये ठेवलं, मग क्रीम छान उभं राहिलं. पायपिंग बॅग नव्हती, दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन कोपरा कापला.

गदा लेकीला सुचली. बेसनाच्या लाडवात दालचिनीची कांडी खोचली, वर चांदीचा वर्ख. बाजारातल्या कुठल्याही टॉपरपेक्षा मला ती देखणी वाटली.

आबा केकसमोर कितीतरी वेळ गप्प उभे होते. मग वाकले, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली आणि सुरी हातात घेतली.