देठ खुडणारा हात

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी परळमधल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही जमतो. नोकरी-धंदा सांभाळून फोटो काढणारी पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाचे तीन फोटो, आणि त्यांवर बोलायचं काम माझं. नऊ वर्षं हे करते आहे. ‘छान’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ हे शब्द तिथे चालत नाहीत. कौतुक करायचं तर नेमकं कशाचं ते सांगायचं, आणि दोष दाखवला तर तो कसा जाईल तेही सांगायचं.

एप्रिलमधल्या एका रविवारी पडद्यावर मोबाइलने काढलेला एक फोटो आला. काढणारा तेवीस-चोवीस वर्षांचा, कुरिअरची पार्सलं पोचवणारा, लालबागचा मुलगा. फोटोत त्याची आई जमिनीवर बसून मिरच्यांची देठं खुडत होती. समोर सुपात लालभडक ढीग. कोणी फोटो काढतंय याचं तिला भानही नव्हतं. घरच्या माणसाचा असा फोटो मिळणं फार अवघड असतं, कारण मोबाइल वर केला की घरची माणसं लगेच पदर सावरतात. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

मग दोष. उजवा हात मनगटापाशी चौकटीने कापला होता. ज्या हाताने काम चाललंय तोच दिसत नाही. “दोन पावलं मागे जायला हवं होतंस,” मी म्हटलं. दुसरं म्हणजे, चेहऱ्याचा एक गाल दाराच्या उजेडात होता आणि दुसरा ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात. दोन जातींचा उजेड एकत्र आला की पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. “ट्यूब बंद करून काढ.”

त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. निघताना जिन्यात थांबला. “मॅडम, एक विचारू? मागे भिंत होती. माझी पाठ भिंतीलाच टेकली होती. आणि ट्यूब घालवली तर आईला देठ दिसत नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.”

तक्रारीचा सूर नव्हता. त्याला उत्तर हवं होतं आणि माझ्याजवळ ते नव्हतं. गेल्या नऊ वर्षांत ‘मागे जा’ हे मी किती जणांना सांगितलं असेल! त्यांच्या मागे काय होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. “आई घरी आहे का आत्ता?” मी विचारलं.

चाळीत तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, त्यातच मोरी आणि ओटा. त्याच्या आईचे, म्हणजे काकींचे, सासरे गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर घरात पगार यायचा थांबला तेव्हा सासूबाईंनी मसाले करून विकायला सुरुवात केली. तेच काम आता या काकी करतात. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, भाजायच्या, मग मिरची गल्लीत नेऊन डंकावर कुटून आणायच्या. एप्रिल-मे म्हणजे त्यांच्या कामाची ऐन घाई.

मी त्याच्या जागी, कपाट आणि ओट्याच्या मधल्या फटीत उभी राहिले. खरोखर एक इंचही मागे सरकता येत नव्हतं. मोबाइलची जास्त रुंद दाखवणारी दुसरी लेन्स लावून पाहिली. हात आला, पण कडेला असल्यामुळे ताणला जाऊन कोपरापासून भलताच लांब दिसायला लागला. अशा लेन्सने कडेला माणसाचं अंग येऊ देऊ नये, भिंत किंवा कपाट चालतं.

तेवढ्यात काकींनी तो सकाळचा फोटो मागितला. मोबाइल लांब धरून, एक डोळा मिटून त्यांनी पाहिला. “माझा हात कुठाय रे?” हे मला अपेक्षित होतं. पण पुढे त्या म्हणाल्या, “आणि ह्या मिरच्या कसल्या? बेडगीला सुरकुत्या असतात. ह्या तर प्लॅस्टिकच्या वाटतायत.”

हे माझ्या नजरेतून साफ निसटलं होतं. मोठ्या पडद्यावर मी तो ढीग पाहिला आणि रंग उठून दिसतोय म्हणून पुढे गेले होते. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. मिरचीसारख्या गडद लाल वस्तूत लाल रंगाचं माप काठोकाठ भरतं, तरी एकूण उजेड ठीकच वाटतो. माप भरलं की सुरकुतीचा उंचवटा आणि खळगा दोन्ही सारखेच लाल होतात. वर मोबाइल आपल्या मनाने रंग आणखी भडक करतो. उपाय सोपा आहे: पडद्यावर मिरच्यांवर बोट टेकवायचं आणि सुरकुत्या दिसेपर्यंत उजेड खाली ओढायचा. चेहरा थोडा काळवंडेल. तो नंतर बराचसा उजळता येतो, पण गेलेली सुरकुती परत येत नाही.

“उजेडाचं काय करू?” मुलाने विचारलं. मी काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या, “तीनला ऊन गॅलरीत येतं. मग मी उंबरठ्याशीच बसते. ट्यूब कशाला लागते तेव्हा?” मुलाला हे ठाऊक नव्हतं. तीन वाजता तो कधी घरी नसतोच.

आम्ही थांबलो. मीही सूप पुढ्यात घेतलं. तासाभरात बोटं चुरचुरायला लागली. तीनच्या सुमाराला ऊन कठड्यावरून आत आलं, गॅलरीच्या लादीवर पडलं आणि तिथून उसळून काकींच्या खाली झुकलेल्या चेहऱ्यावर गेलं. वरच्या ट्यूबने असा चेहरा कधीच उजळत नाही, त्याला खालूनच उजेड हवा. मुलगा गॅलरीत सहा फुटांवर, पाण्याच्या पिंपाला टेकून उकिडवा बसला. पाठीमागून शेजारपाजारची माणसं जात-येत होती. त्याने मिरच्यांवर बोट टेकवलं, उजेड खाली ओढला आणि दहा-बारा फोटो काढले.

त्यातला एक त्याने आईपुढे धरला. हात पुरा होता. अंगठ्याच्या नखाखाली अडकलेलं देठही दिसत होतं. सुरकुत्या होत्या.

“बेडगीच आहे,” काकी म्हणाल्या. मग थोडा वेळ पाहत राहिल्या. “पण दार फार आलंय. मी एवढीशीच.”

बरोबर होतं. फोटोची डावीकडची जवळजवळ अर्धी चौकट दाराच्या फळीने खाल्ली होती. तो पुन्हा जाऊन पिंपापाशी बसला आणि थोडा उजवीकडे सरकला. तोवर ऊन लादीवरून भिंतीवर चढलं होतं आणि काकींनी हात लांब करून ट्यूब लावली.