चटणी म्हणजे कुठली?

लग्न होऊन कागलला आले त्याचा तिसरा दिवस. सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) चुलीवर वांग्याचा रस्सा ठेवला होता. परड्यातून कुणीतरी हाक मारली, तशा जाता जाता म्हणाल्या, "त्यात दोन चमचे चटणी घाल गं."

मी बार्शीची. माझ्या लेखी चटणी म्हणजे शेंगाची चटणी, दुसरी असूच शकत नाही. आईनं पाठवणीत दिलेला डबा फडताळातच होता. मनात म्हटलं, असेल बाई इकडची पद्धत, आणि दोन चमचे शिगोशीग भरून रश्श्यात सोडले.

आत्या परत आल्या, पळीनं ढवळलं आणि पातेल्याकडे बघतच राहिल्या. "रस्सा लाल कसा झाला न्हाई गं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या आणायच्या, रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी किंवा लवंगी. देठं काढून वाळवायच्या. कांदा उभा चिरून उन्हात सुकवून तळायचा. सुकं खोबरं, धणे, तीळ, खसखस भाजायची, गड्ड्यांच्या गड्ड्या लसूण सोलायचा आणि डबे घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे विजेवर चालणारी मुसळं. एकापाठोपाठ एक धाडधाड खाली येतात आणि बाहेर बाया नाकाला पदर लावून शिंकत नंबर धरून बसलेल्या असतात. तिकडे 'चटणी केली' म्हटलं की वर्षाचं काम उरकलं. आमच्याकडे 'चटणी केली' म्हणजे अर्ध्या तासाचं काम. हा फरक मला कुणीही सांगितला नव्हता.

त्या दिवशी मामंजी जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "रस्सा दाट झालाय, बरा लागतोय." दाण्याचा कूट आणि लसूण, बरा लागणारच. आत्यांनी त्यात नंतर त्यांची चटणी घातली होती ते त्यांना कळलंच नाही. त्या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात चटणीचे दोन पक्ष आहेत आणि मी माहेरच्या पक्षात आहे.

सोलापूरकडे शेंगदाण्याला सर्रास शेंगाच म्हणतात. कानडी मुलुख लागून आहे. पलीकडे विजापूर-गुलबर्ग्याला याच चटणीला शेंगा हिंडी म्हणतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबरच खातात. गंमत अशी की ज्या चटणीवर आम्ही एवढा हक्क सांगतो, तिच्यातल्या दोन मुख्य गोष्टी, मिरची आणि शेंगदाणा, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली. त्याआधी आमच्या पूर्वजांनी भाकरीला काय लावलं असेल? तीळ, जवस, कारळं आणि तिखटाला मिरी, बहुतेक. मी एकदा मिरी घालून तिळाची चटणी करून पाहिली. घरात कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

शेंगाची चटणी कशी करायची हे मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी जास्तच सांगते. अर्धा किलो दाणे घ्या. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. मंद म्हणजे खरंच मंद, वीस मिनिटं तरी जायला हवीत. मोठ्या आचेवर दाणा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, आणि तो कच्चा वास तिखटानंही झाकला जात नाही. एक दाणा फोडून बघायचा. आत फिकट बदामी रंग दिसला आणि साल चुरडली की सुटली, म्हणजे झालं. मग सुपात घालून चोळायचे, पाखडायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. इथेच लोक घाई करतात.

खलबत्त्यात आधी पंचवीस-तीस गावरान लसणाच्या पाकळ्या, एक चमचा जिरं आणि मीठ. लसूण अख्खा असतो तेव्हा त्याला फारसा वासच नसतो. चिरडला की आतले वेगवेगळे ठेवलेले दोन घटक एकमेकांना भेटतात आणि मग तो वास सुटतो. म्हणून सुरीनं कापलेला लसूण आणि ठेचलेला लसूण यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यावर तीन मोठे चमचे लाल तिखट, आणि मग दाणे मूठमूठ घालत कुटायचं. पहिली दहा मिनिटं नुसता भुगा उडतो. मग बत्त्याचा आवाज बदलतो. टणटण होती ती बद्द-बद्द व्हायला लागते. म्हणजे दाण्यानं तेल सोडायला सुरुवात केली. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, पण ते सगळं बाहेर काढायचं नाही. चटणी चिमटीत धरली तर क्षणभर एकत्र राहावी, सोडली की मोकळी व्हावी, आणि बोटांना लाल तेलाचा ओशटपणा राहावा. मध्ये मध्ये अर्धा दाणा दाताखाली आला पाहिजे. सगळं एकसारखं बारीक झालं तर तो कूट झाला, चटणी नाही.

माझा खलबत्ता लोखंडी आहे, आजीनं पंढरपूरहून आणलेला. बत्त्यासकट सात किलो भरतो, भंगाराच्या काट्यावर घातला होता एकदा (विकायला नाही, कुतूहल म्हणून). धुतला की लगेच पुसून तेलाचा हात लावावा लागतो, नाहीतर सकाळी तांबेरा. आणि त्यात चिंच, कैरी, लिंबू काही कुटायचं नाही, सगळं काळं पडतं. आंबट चटण्यांना दगडी खल किंवा पाटा. पाटा माझ्याकडे नाही. फ्लॅटमध्ये पाट्याला जागाही नाही आणि टाकी लावून देणारी बाईही आता दारावर येत नाही.

मिक्सरला माझा सरसकट विरोध नाही. ओल्या नारळाची, कोथिंबिरीची, पुदिन्याची चटणी मी मिक्सरवरच करते. ओल्या जिन्नसात पाणी असतं, पातं तापलं तरी बिघडत नाही. कोरड्या चटणीचं मात्र तसं नाही, आणि हे मी कसं शिकले ते सांगायचं तर सोसायटीच्या गणपतीकडे यावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की महाप्रसादाला केटरर नको, घराघरानं एकेक पदार्थ करायचा. माणसं एकशेदहा. चटणी माझ्याकडे आली. दर पानी दहा ग्रॅम धरली तर किलोभर लागते, पण मागून घेणारे असतात म्हणून दोन किलोचा घाट घातला. एवढं खलबत्त्यात कुटायचं म्हणजे हात गळून पडतील, म्हणून मिक्सर. पहिलं भांडं झकास झालं. दुसरं त्याहून. त्या आनंदात मी तिसरं आणि चौथं भांडं मध्ये न थांबता लावलं, तेही गळ्यापर्यंत भरून. चौथ्याचं झाकण उघडलं तर आत चटणी नव्हतीच. तपकिरी-लाल, चकचकीत, चमच्याला चिकटणारा लगदा. दाण्याचं लोणी म्हणा. भांडं हाताला चटका बसेल इतकं तापलेलं, लसणाला उग्र वास, आणि मोटरचा जळका वास वेगळाच.

संध्याकाळचे पाच वाजले होते, साडेसातला आरती. मी अर्धी चटणी तशीच ठेवली आणि बिघडलेल्या लगद्यात दोन किलो दही कालवलं, वरून जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी दिली. शेंगाची चटणी दह्यात कालवून खातातच आमच्याकडे, त्यामुळे अगदीच लबाडी नव्हती. पण मला वाईट कशाचं वाटलं सांगू? सगळ्यांनी त्या दह्यातल्या चटणीचंच कौतुक केलं. एकीनं तर "हे डिप कसं केलं?" असंही विचारलं. डिप!

तर मिक्सरवर करायचीच असेल तर दाणे थंडगार हवेत, भांडं अर्ध्याहून कमी भरलेलं हवं, आणि बटण सलग न फिरवता उलट्या बाजूला एकेक झटका द्यायचा. चार-पाच झटके, चमच्यानं खालीवर, पुन्हा दोन झटके. एक भांडं झालं की मिक्सरला आणि स्वतःला दहा मिनिटं विश्रांती.

बाकीच्या चटण्या मी ऋतूप्रमाणे करते, प्रत्येकीचा पाढा वाचत नाही. कारळ्याची मात्र दर महिन्याला होते. कारळं म्हणजे खुरासणी, काळं चिमुकलं बी. पावसाळा सरताना डोंगराकडच्या शेतांतून त्याची पिवळी फुलं दिसतात. कढईत तडतडायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला उतरवायचं, फोन घ्यायला गेलात तर कडू जहर. दोडका आणला की वरच्या शिरा किसणीनं काढून तीळ घालून कुरकुरीत परतते. दोडक्याची भाजी न खाणारी आमची लेक ही चटणी वाटीनं खाते. महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठाची, गूळ घालून. कवठ पिकलं की नाही हे बघायला ते हातभर उंचीवरून जमिनीवर टाकायचं. चेंडूसारखं उसळलं तर कच्चं, जागेवर बसलं तर पिकलं. मंडईत हा प्रयोग केला तर विक्रेते ओरडतात, तरी मी करते.

वाढण्याबद्दल मात्र मी जरा कडक आहे. पानात चटणीची जागा डावीकडे. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. भाजी-आमटी उजवीकडे. लहानपणी पंगतीत मीठ आणि चटणी वाढायचं काम आम्हा पोरांकडे असायचं, कारण त्यात सांडण्यासारखं काही नसतं. आजी मागून बजावायची, "चमच्याचं टोक, चमचा नाही." ढीग वाढला तर माणूस आमटी-भाताबरोबर फस्त करतो आणि पाणी पीत बसतो. हवी असेल तर तो मागेल, आणि मागितल्यावर जी वाढायची ती मात्र हात आखडून नाही. आता बुफेमध्ये लोणचं, पापड, चटणी सगळं शेवटच्या टेबलावर, सॅलडच्या शेजारी. तिथे पोचेपर्यंत ताटात जागाच उरत नाही आणि चटणी गुलाबजामच्या पाकात जाऊन बसते.

घरी भाकरी असेल तर हे डावं-उजवं सोडून द्यायचं. मालदांडी ज्वारीची गरम भाकरी, तिचा पापुद्रा उचलून आत चटणी पसरायची, वर कच्चं तेल किंवा लोण्याचा गोळा, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. एवढंच. कागलला कुणाला घरी बोलावताना "चटणी-भाकरी खायला या" म्हणतात. मी पहिल्यांदा ते खरं धरून गेले होते. समोर मटणाचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा आणि वर आग्रह. चटणी पानात कुठेच नव्हती. म्हणजे होती, तांबड्या रश्श्यात.

आत्या आता ब्याऐंशीच्या आहेत. डंकावर जाणं सुटलं, पण मिरच्या अजून स्वतः निवडतात आणि पुतण्याला पाठवतात. अजूनही तिकडच्या बायकांसारखं "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. दर मे महिन्यात त्यांची दोन किलो चटणी माझ्याकडे पुण्याला येते, आणि माझ्या भाज्यांत आता तिच्याशिवाय दुसरं तिखट नसतं. हे मी बार्शीला सांगत नाही.

परवा त्यांचा फोन आला. तब्येत, पाऊस, शेजारच्यांची म्हैस, सगळं झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "येताना चटणी घेऊन ये, संपत आलीया."

"कुठली?" मी विचारलं. अठ्ठावीस वर्षांनंतरही विचारावंच लागतं.

"कुठली म्हंजे? शेंगाची. तिखटाचं हितं काय कमी हाय व्हय? आणि जरा जाड कुट. मागच्या खेपेची पार पीठ झाली हुती."

मागच्या खेपेची मिक्सरवर केली होती. त्यांना मी सांगितलं नव्हतं.